कौतिकबाई, तुझे खिळे जुळवताना

नंदुरबारला हिवाळा आधी नाकाला कळतो.
पथाऱ्या लाल होतात,
एस्टीतून उतरलेला परका माणूस
रुमाल काढतो, शिंकतो,
गावाला एक शिवी हासडतो.
तू त्याच धुळीत बसून देठ खुडतेस दिवसभर
आणि संध्याकाळी त्याच घशाने गातेस.

आवाज तुझा गोड नाही, बाई.
खरं सांगायचं तर फाटका आहे.
वरच्या पट्टीत गेलीस की खोकला येतो,
तोही ठेक्यावर येतो,
नि लोकांना वाटतं, चालीत बसवलेला आहे.

मी खिळेजुळारी.
लग्नपत्रिका, बिलबुकं, उत्तरकार्याची कार्डं,
चाळीस वर्षं लोकांचे शब्द उलटे वाचत आलो.
गाण्यातलं मला कळत नाही.
वजन कळतं.
एखादा शब्द नुसता भरतीचा असला
की ओळ चौकटीत हलते,
ते आधी बोटाला कळतं, मग मला.

तुझी लेक गाणी उतरवून घेऊन आली,
काटापट्ट्यांच्या कोऱ्या बाजूला, जांभळ्या शाईत.
मागे अमक्या शेठची मिरची, एकोणीस पोती,
पुढे तुझं गाणं.
सोळा पानांचं पुस्तक करायचं होतं.
मी मनात म्हटलं, होईल दोन दिवसांत.
चाल काढून घेतली की गाण्यात उरतं काय?
भोंग्यावर नाचणारी किती गाणी
माझ्या टेबलावर येऊन आडवी पडलेली पाहिलीत.

मग ही आली:

तुना गावले जावाले रस्ता शे,
मना पायसले गाव नही.

एवढंच.
यापुढे तू म्हणे बेंजोवर बराच वेळ काही वाजवतेस.
कागदावर बेंजो नव्हता.
ओळ तरी उभी होती, कशालाही न टेकता.
'रस्ता' जुळवला
आणि पुढचा खिळा हातातच राहिला.
चहावर साय धरली.

मालक म्हणाले, भाषा जरा शुद्ध करून घ्या.
पहिल्या प्रूफात मी 'शे' काढून 'आहे' घातलं.
एका अक्षराच्या जागी दोन,
आणि ओळ लगेच लंगडायला लागली.
गुपचूप 'शे' परत बसवलं.
मालकांना सांगितलं, 'ह' संपलेत.

देठ खुडा, आते मिरचीले
झाडनं नाव सांगता येत नही.

ही जुळवताना बायकोची आठवण आली.
ती धडगावकडची. तिनेही कधी
माहेरच्या डोंगराचं नाव सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

तू प्रेसवर आलीस त्या दिवशी
पदराने खुर्ची पुसून कडेला बसलीस.
वाचता येत नाही म्हणालीस, तुम्हीच वाचा.
मी वाचलं. मला गाता येत नाही,
म्हणून नुसतं वाचलं,
पत्रिकेतलं मुहूर्ताचं कलम वाचावं तसं.
मशीन बंद होतं.
तू मान खाली घालून ऐकत राहिलीस,
शेवटी विचारलंस,
"हाई कोनं शे?"

तुझंच, म्हटलं.

तू प्रूफ हातात घेतलंस,
उलटंसुलटं करून पाहिलंस,
जसं काही मागच्या बाजूला सापडेल.
"मग चाल कोठे गई?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
आजही नाही.
गावाने तुझं नाव कौतिक ठेवलं
ते बहुधा सवयीने, आजीचं होतं म्हणून.
मला मात्र त्या दिवशी ते नाव
जाड टाइपात घ्यावंसं वाटलं,
मुखपृष्ठावर, शेठच्या जाहिरातीच्या वर.

तू गेल्यावर प्रूफ आवरायला घेतलं.
कडेला तुझ्या बोटांचे तांबूस ठसे होते.
काम करता करता
सवयीने डोळ्याला हात गेला.
दुपारभर डोळा झोंबत होता,
पाणी थांबेना.
पोऱ्याने विचारलं, काय झालं काका?
मिरची, म्हटलं.
मिरचीच होती ती.